उशीखालची नोंद

लिंबेरला वागण्याची रीत उरलेली नाही, असं उबाल्दिनाचं ठाम मत होतं, आणि ते तिनं शेजारणींपासून कोंबड्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं होतं. पोटचा पोरगा सात वर्षांनी दारात येतो, मोटरसायकल मोल्येच्या झाडाला टेकवतो, डोक्यावरची टोपीही काढत नाही, आणि आईला म्हणतो, "नमस्कार, सेन्योरा. या घरातून विंचुका किड्याची नोंद आली आहे. घरातल्या प्रमुख व्यक्ती तुम्हीच का?"

तुम्हीच का! जणू मागे आणखी दहाबारा प्रमुख व्यक्ती रांगेत उभ्या होत्या. नवरा, सेनोन, गेल्यापासून या घरात मालकीणही तीच आणि गडीही तीच.

बरं, म्हणाला तेही स्पॅनिशमधून. या घरात स्पॅनिश कधी कुणी बोललं नव्हतं. ती बोलायची मास्तरांशी, पाद्र्याशी आणि बाजारात बटाट्याला नावं ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांशी. घरातली बोली क्वेचुआ. क्वेचुआत समोरच्याला एकच शब्द, मग तो देव असो की गाढव. स्पॅनिशमध्ये मात्र जवळच्याला एक आणि लांबच्याला एक असे दोन शब्द आहेत, आणि पोरानं त्यातला लांबचा उचलला.

"घरी आंबवलेली मक्याची चिचा पुढे केली तर नको म्हणाला," ती दुकानदार ग्वाल्बेर्तोला सांगत होती. "शेंगदाण्याचं सूप केलं होतं, त्याच्या आवडीचं. वाडग्याकडे ढुंकून बघितलं नाही. वाटेवरचा परका माणूससुद्धा दोन थेंब जमिनीला वाहून एक घोट घेतो. ह्यानं सही घेतली आणि किक मारली."

"कोमाद्रे, त्याच्या हाताला औषध असतं," ग्वाल्बेर्तो म्हणाला. "विषच ते. फवारणीच्या दिवशी आंघोळ झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही असा त्यांना नियम आहे."

"मग माझ्याकडे आंघोळीला पाणी नव्हतं का?"

ग्वाल्बेर्तोनं साखरेचं पोतं उगाच इकडून तिकडे सरकवलं. लिंबेरच्या बाप्तिस्म्याला त्यानं पोराला हातांवर धरलं होतं, त्यामुळे तो लिंबेरचा धर्मबाप आणि उबाल्दिनाचा कोम्पाद्रे. दोघांच्या मध्ये उभं राहायचं आणि दोघांकडून खायचं, हे त्याच्या नशिबी तेव्हापासून होतं.

त्याच्या दुकानात काडेपेट्यांच्या शेजारी एक टेबल होतं. त्यावर वही, आणि वर भिंतीला हातानं रंगवलेली पाटी: 'विंचुका दिसली तर इथे आणा.' घरात किडा सापडला की त्याला हात न लावता काडेपेटीत घालायचं, पेटीवर घराचं नाव लिहायचं आणि कुठे सापडला ते ग्वाल्बेर्तोला सांगायचं. तो वहीत उतरवून पेटी तालुक्याला पाठवी. मग पंधरवड्याच्या आत फवारणीवाला येई. अंगणात, कोंबडीखुराड्यात सापडला असेल तर आल्या क्रमानं. माणूस झोपतो तिथे सापडला असेल तर क्रम मोडून, सगळ्यांच्या आधी. कारण विंचुका झोपलेल्या माणसाच्या तोंडावर उतरते, रक्त पिते आणि तिथेच घाण करून जाते. माणूस झोपेत खाजवतो, घाण रक्तात जाते. पुढे वीस वर्षं काही होत नाही, आणि मग एक दिवस काळीज फुगून पाण्याच्या पखालीएवढं होतं.

हे सगळं आता गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. पूर्वी नव्हतं. पूर्वी विंचुका म्हणजे फक्त लाज होती.

तेरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा तपासणीवाले आले तेव्हा उबाल्दिना दारात आडवी उभी राहिली होती. "माझ्या घरात? माझ्या?" असं तिनं इतक्या वरच्या पट्टीत विचारलं की त्यांच्यातला एक वही उघडायचीच विसरला. किडे होते. गवती छपरात होते, मातीच्या भिंतीच्या भेगांत होते, आदल्या रात्रीच तिनं सतरा मारून चुलीत टाकले होते. पण घर रिकामं करायचं, आपली फाटकी घोंगडी आणि पोचे आलेली भांडी सगळ्या गावादेखत अंगणात मांडायची, आणि वर दाराला सरकारी चिकटपट्टी लावून घ्यायची, हे तिच्याच्यानं होणारं नव्हतं. चौदा वर्षांचा लिंबेर तिच्या मागे उभा होता. त्यांनी त्याला विचारलं. उबाल्दिनानं मान न वळवता त्याचं मनगट धरलं. "नाहीत," तो म्हणाला. तपासणीवाले पुढच्या घरी गेले.

सहा वर्षांनी सेनोन नांगरामागे चालता चालता खाली बसला आणि उठला नाही. डॉक्टर म्हणाले, विंचुकेचंच दुखणं, जुनं, अगदी लहानपणापासूनचं. रक्त वेळेवर तपासलं असतं तर काही करता आलं असतं. लिंबेरनं ते ऐकलं आणि मातीच्या दिवशी, जेवायला बसलेल्या पंगतीसमोर, आईला म्हणाला, "तू खोटं बोललीस आणि मलाही बोलायला लावलंस."

खरं होतं. पण पंगतीत? उबाल्दिना म्हणाली, "या उंबरठ्यावर पुन्हा पाय ठेवशील तर माफी मागून ठेवशील."

त्यानं पाय ठेवला नाही. तिनं निरोप धाडला नाही. दोघं एकाच मातीची. तो विंचुका मारायचं काम शिकला, तालुक्याला लग्न केलं, हे तिला ग्वाल्बेर्तोकडून कळत गेलं. कळलं की ती म्हणायची, "मला काय त्याचं?" आणि मग पुढचा आठवडाभर मीठ विसरायची.

नंतर गावात दरवर्षी फवारणी होऊ लागली. तिनंही घराला पत्रे घातले, भिंती लिंपून घेतल्या. दुसऱ्या कुणाच्या हातून फवारून घेताना तिला पूर्वीसारखी लाज वाटत नव्हती. नवरा गेलेल्या घरात लपवायचं काय राहतं?

तर सुरुवात खऱ्या किड्यानं झाली. ऑक्टोबरात एका दुपारी खुराड्याच्या फळीमागे एक विंचुका निघाली, पिवळ्या पट्ट्यांची, चांगली पोसलेली. पायाखाली चिरडायला तिनं पाय उचललाही होता. तेव्हाच ग्वाल्बेर्तो कुंपणावरून म्हणाला, "नोंद करा हं, कोमाद्रे. आता आपला भाग लिंबेरकडे दिलाय."

तिनं पाय हळूच बाजूला ठेवला.

काडेपेटीवर नाव घालायला तिला ग्वाल्बेर्तोची मदत घ्यावी लागायची. शाळा तिच्या वाट्याला दोन हिवाळे आली होती. पण त्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं एकेक अक्षर कोरलं. 'उबाल्दिना.' आडनाव घालायला पेटीवर जागा उरली नाही.

आणि मग तो आला, आणि 'सेन्योरा' म्हणाला, आणि काय काय झालं ते वर आलंच. पण ग्वाल्बेर्तोला तिनं सांगितलं नव्हतं ते असं, की दोन तास तो घरात होता. सगळं सामान तिनं अंगणात काढलं होतं: पलंग, घोंगडी, मक्याच्या कणसांच्या माळा, शिवणयंत्र, गिनीपिगांचं खोकं, चार संतांची तसबीर. पाठीवर पंप घेऊन तो एकेक भिंत वरून खाली, वरून खाली भिजवत गेला. बापासारखाच डावा खांदा किंचित पाडून चालत होता. ती झाडाखाली बसून दारातून दिसेल तेवढं बघत राहिली. सात वर्षांत या घराच्या आतून घरच्या माणसाच्या पावलांचा आवाज आला नव्हता.

औषध सहा महिने टिकतं, असं जाताना तो म्हणाला. म्हणजे सहा महिने तो येणार नाही.

उबाल्दिनानं नाताळपर्यंत कळ काढली.

गावाच्या वर, जिथे शेळ्या चरतात, तिथे मोठाल्या धोंड्यांचे ढीग आहेत. त्यांच्या सांदीत रानातल्या विंचुका राहतात. सरडे आणि रानउंदरांवर त्यांचं चालतं. हे तिला तिच्या आजीनं दाखवलं होतं, तिथे निजू नये म्हणून. एकसष्ट वर्षांची बाई, डोक्यावर पांढरी हॅट, दोन वेण्या पाठीमागे एकत्र बांधलेल्या, पोयेराचा, म्हणजे घागऱ्याचा, घेर कमरेला खोचलेला, भर उन्हात काठीनं धोंडे उचकटत होती. कुणी विचारलंच तर हरवलेली शेळी तयार होती. तिसऱ्या सांदीत किडा दिसला. मक्याच्या कणसाच्या सालीत धरून तिनं तो पेटीत घातला आणि खाली उतरली. एकेकाळी हे किडे लपवायला तिनं अंगाची ढाल केली होती. आता डोंगरातून वेचून आणत होती.

"कुठे सापडला?" ग्वाल्बेर्तोनं पेन उघडलं.

"खुरा..." म्हणता म्हणता ती थांबली. खुराडं म्हणजे पंधरा दिवस. "उशीखाली."

ग्वाल्बेर्तोनं वहीतून डोकं वर काढलं. "तुमच्या उशीखाली? त्याला जिवाची भीती नाही वाटली?"

"लिहा म्हटलं की लिहावं."

चौथ्या दिवशी लिंबेर हजर. पुन्हा 'सेन्योरा', पुन्हा 'तुम्ही'. भिंतीवर विजेरी फिरवत तो डोकं खाजवत होता. खिशातून चिमटा काढताना चिमट्याबरोबर आणखी काहीतरी बाहेर आलं आणि तिच्या पायाशी पडलं. लहान मुलीच्या केसांचा रबर, त्याला प्लॅस्टिकची लाल स्ट्रॉबेरी. त्यानं झटकन उचलला, खिशात घातला, आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

उबाल्दिनाच्या तोंडाशी एकदम दहा प्रश्न आले. किती वर्षांची? नाव काय? केस कुणासारखे, माझ्यासारखे राठ की तुझ्या बापासारखे मऊ? पण 'तुम्ही' म्हणणाऱ्या माणसाला असं काही विचारता येत नाही. तिनं विचारलं, "तो पंप जड असतो का?"

"भरल्यावर वीस किलो, सेन्योरा."

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर दोन महिने ती त्या नातीला नावं ठेवत बसली. चांगल्या अर्थानं. चूल फुंकताना एक नाव, शेळी पिळताना दुसरं. कुठलंच बसेना. ग्वाल्बेर्तोला विचारलं असतं तर त्यानं एका शब्दात सांगितलं असतं, पण आपल्या नातीचं नाव दुकानातून आणायचं? मीठ आहे का ते?

कार्निव्हल उरकल्यावर ती पुन्हा धोंड्यांकडे गेली. पुन्हा उशी.

या वेळी तिनं पहाटेच सगळं सामान अंगणात काढलं, अंगण झाडलं, आणि पाण्याचे दोन हंडे उन्हात तापत ठेवले. साबणाची वडी नवी, टॉवेल सेनोनचा. आंघोळ करायचा नियम आहे ना? करा म्हणावं. सूप चुलीवर होतं. तो आंघोळ करून बसेल, वाडगा हातात घेईल, आणि वाडगा हातात असताना माणूस फार वेळ 'तुम्ही' म्हणू शकत नाही. असा तिचा हिशेब होता.

लिंबेर आला तो घाईत होता. पंप मोटरसायकलवरून काढलाच नाही. आत जाऊन त्यानं विजेरीनं भिंती बघितल्या, पलंगाच्या सांध्यांत बघितलं, पत्र्याखालचे वासे बघितले. मग बाहेर येऊन उकिडवा बसला, काडेपेटी उघडली आणि भिंग लावून किडा बघत राहिला.

"सेन्योरा, हा तुम्हाला कुठे सापडला?"

"उशीखाली. लिहिलंय ना."

"कुठल्या उशीखाली?"

"मला उशी एकच आहे. दुसरी तुझ्या बापाची होती, ती त्याच्याबरोबर दिली."

"भिंतीवर एक डाग नाही. कात नाही, अंडं नाही. घरात विंचुका असली की भिंतीवर तिच्या घाणीचे ओघळ दिसतात. आणि हा रंग बघा. काळा. घरातल्या विंचुकेला पिवळे पट्टे असतात. हा वरच्या धोंड्यांतला आहे. मागचाही तसाच होता. मला वाटलं उडून आला असेल. दोन महिन्यांत दोनदा, आणि दोन्ही वेळा उशीखाली?"

"आता किड्यांनी काय तुझी परवानगी काढून यायचं?"

लिंबेर उठून उभा राहिला. काडेपेटी बंद केली. चेहरा लाल झाला होता, आणि मग तो ओरडला.

"आई, तुला वेड लागलंय का? तू स्वतः आणलास हा! डोंगरातून जाऊन आणलास!"

क्वेचुआत. 'आई' म्हणाला आणि 'तू' म्हणाला. उबाल्दिनाला त्या शब्दांचा अर्थ लागायच्या आधी नुसता आवाज लागला. तिला वाटलं, ओरड. आणखी ओरड.

तो ओरडलाच. "तुला कळतंय का तू काय केलंस? खालच्या वाडीतल्या तेओदोसियाबाईंची नोंद तुझ्या आधी आठ दिवस आली होती. त्यांनी खुराडं म्हणून खरं ते लिहिलं. तू उशी लिहिलीस. उशी आधी, खुराडं मागून! एवढ्या भागाला मी एकटा आहे. आज त्यांच्याकडे जायचं होतं, ते सोडून तुझ्याकडे आलो. येताना त्यांनी रस्त्यात अडवलं. त्यांची नात, आयदे, कडेवर होती. तिचा एक डोळा एवढा सुजलाय, जांभळा, उघडतच नाही. तिथेच चावलीय तिला! माझ्या सुलेमाएवढी आहे ती, आई! चार वर्षांची!"

सुलेमा.

नाव मिळालं. ज्या नावासाठी दोन महिने घर पोकळ वाजत होतं ते मिळालं, आणि हातात घेता येईना.

"मरेल का?" तिनं विचारलं.

"नाही. लवकर कळलं. तिच्या आईबरोबर मी तिला तशीच तालुक्याला धाडली. दोन महिने गोळ्या घेतल्या की लहान मुलं बरी होतात. लवकर कळलं तर होतात." शेवटचं वाक्य कुणाबद्दल होतं ते दोघांनाही कळलं. "होते तेव्हा नाहीत म्हणालीस. आता नाहीत तर आहेत म्हणतेस. का? एवढं सांग मला. का?"

सरळ उत्तर होतं. तुला बघायला. दोन शब्दसुद्धा पुरले असते. पण जी जीभ पाद्र्यापुढे अडली नाही, तालुक्याच्या व्यापाऱ्यांपुढे अडली नाही, ती तिथे अडली.

"तुझं औषध पाणचट आहे म्हणून," ती म्हणाली.

लिंबेरनं तिच्याकडे बघितलं. मग किक मारली. सही घेतली नाही. तापलेलं पाणी हंड्यात तसंच राहिलं.

उबाल्दिना अंगणात मांडलेल्या आपल्या संसारात उभी राहिली. पलंग, यंत्र, तसबीर. हे सगळं परत आत न्यायला दुपार जाणार होती. तिनं एका पातेल्याला हात घातला आणि परत ठेवलं. हॅट नीट केली, कोंबड्यांना दार लावलं, आणि खालच्या वाडीच्या उतारानं चालू लागली.

वाटेत दुकान लागलं. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "वहीतली माझी नाताळची ओळ आणि परवाची ओळ खोडा. दोन्ही खोट्या."

ग्वाल्बेर्तोच्या हातातून तराजूचं माप निसटलं. दुकानात आणखी दोन बाया होत्या. त्यांनी डोळे मोठे केले.

"खोट्या म्हणजे, कोमाद्रे?"

"खोट्या म्हणजे खोट्या. किडे मी डोंगरातून आणले होते. आणि दुकान बंद करून या, तेओदोसियाकडे सामान काढायला माणसं लागतील." मग त्या दोन बायांकडे बघून, "तुम्हीही या. गावभर सांगायला जाणारच आहात, वाटेत तेही एक काम होईल."

तेओदोसिया अंगणात एकटी पलंग ओढत होती. मुलगी नातीला घेऊन तालुक्याला गेलेली. लिंबेर भिंतीपाशी बसून औषध कालवत होता. त्यानं वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. गावाची रीत अशी की फवारणीच्या दिवशी कुणी कुणाच्या घरात शिरत नाही. ज्याचं त्यानं काढायचं, इतरांनी मान वळवून जायचं, म्हणजे कुणाच्या घोंगडीला किती भोकं आहेत ते कुणाला दिसत नाही. उबाल्दिना सरळ आत गेली.

"तेओदोसिया," ती म्हणाली, "तुझी पाळी माझ्यामुळे मागे गेली. मी खोटी नोंद केली होती. तुझ्या नातीच्या डोळ्याचा दोष माझ्या माथ्यावर."

तेओदोसियानं पलंग सोडला. ती बुटकी, कमी बोलणारी बाई. तिनं उबाल्दिनाला हॅटपासून चपलांपर्यंत निरखलं.

"मला वाटायचं तुला फक्त बोलता येतं," ती म्हणाली. "माझ्याकडे आत्ता शिव्या द्यायला वेळ नाही. त्या मी उद्या देईन, सावकाश. ते दुसरं टोक धर."

उबाल्दिनानं धरलं. पलंग निघाला, घोंगडी निघाली, बटाट्याची पोती, घोड्याचं जुनं खोगीर, आयदेची एक बाहुली. भिंतीवर पलंगामागे काळे पांढरे ओघळ होते, वरपासून खालपर्यंत, जसे तेरा वर्षांपूर्वी तिच्या स्वतःच्या भिंतीवर होते. ती त्यांच्याकडे बघत किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. ग्वाल्बेर्तो धापा टाकत आला, त्या दोन बायाही आल्या. तासाभरात घर मोकळं झालं. लिंबेरनं पंप चढवला आणि आत गेला.

बाहेर आला तेव्हा दुपार उतरायला लागली होती. त्यानं तोंडावरची पट्टी खाली ओढली, हातमोजे काढले, आणि सगळ्यांपासून दूर कुंपणाच्या दगडावर जाऊन बसला. तेओदोसिया सगळ्यांना उकडलेला मका वाटत होती. त्याच्याकडे कुणी मका नेला नाही. त्याच्या हाताचा नियम सगळ्यांना माहीत होता. तो लांबून लोकांना खाताना बघत होता, आणि त्या बघण्यात उबाल्दिनाला एकदम तो चौदा वर्षांचा दिसला, मनगट तिच्या मुठीत असलेला.

ती उठली. तोंडातला मका गिळला, घेर झटकला, आणि सगळ्यांदेखत अंगण ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो उठायला लागला.

"बस," ती म्हणाली. "उभ्या माणसापर्यंत माझं बोलणं पोचत नाही. मघाशी का म्हणून विचारलंस, त्याचं उत्तर तिथे देता आलं नाही. आता देते, आणि हे लोक ऐकतायत तेही बरंच आहे, कारण तू मला पंगतीत सुनावलं होतंस. तुझ्या बापाच्या वेळी मी खोटं बोलले आणि तुला बोलायला लावलं. लहान पोराकडून खोटं वदवून घेतलं, हे माझं सगळ्यात वाईट काम. त्याला माफी नाही, म्हणून मी मागत नाही. पण तू माझ्याकडे मागावीस असं म्हणाले होते, ते शब्द मी परत घेते. नंतरच्या दोन नोंदी खोट्या होत्या, कारण मला तू हवा होतास, आणि तू फक्त किड्यांसाठी येतोस. आता तुझं ऐक. सात वर्षं तू लोकांच्या भिंतींची एकेक भेग बघत हिंडलास आणि आपल्या आईच्या घरी यायला तुला वहीतली ओळ लागली. तुला मुलगी झाली, चार वर्षांची झाली, आणि तिचं नाव मला तू रागात ओरडलास म्हणून कळलं. माझा निवाडा असा आहे, लिंबेर: तुझी आई खोटारडी आहे आणि तू कोरडा आहेस, आणि दोघांत जास्त वाईट कोण हे मला ठरवता येत नाही. यापुढे मी तुला बोलावणार नाही, खरंही नाही आणि खोटंही नाही. यायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी ये, हात धुऊन ये, आणि सुलेमाला घेऊन ये. नाही आलास तर मी जगेन. पण मग मला आई म्हणून ओरडू नकोस, कारण आज ओरडलास ते मला फार गोड लागलं."